जाड कागद

कासार आंबोली,
२४ ऑगस्ट १९८९

प्रिय रत्नाक्का,

सप्रेम जयभीम. आत्यांनाही जयभीम सांग, आणि दोन्ही पोरींना मामाकडून गोड पापा.

तुझं पत्र कोंडिबा कंडक्टरनं रविवारी हातात दिलं. वर म्हणतो कसा, "आनंदा, तुज्या बहिनीनं ताकीद दिलीया, उत्तर घेतल्याबिगर गाडी सोडायची न्हाई." मी म्हटलं, "मग एसटी हितंच लाव आन् ऱ्हा दोन दिस जेवायला." हसला, घंटी मारली आणि गेला.

इकडे सगळं ठीक. लीलाची कंबर धरली होती, पण कालपासून माझ्याशी भांडायला उठते, म्हणजे बरी झाली म्हणायची. तू विचारलंस, पंचमीला का आला नाहीस. अगं, यायचंच होतं. पण नवे मालक आल्यापासून रजेचं नाव काढलं की साहेब वर बघतात. पावसानं गाड्यांचाही नेम नव्हता. पुढल्या महिन्यात येतो.

कंपनीनं तुला लिहून दिलेल्या कागदाचं म्हणशील, तर नवे मॅनेजर मेहेंदळे साहेब मुंबईला गेलेत. ते आले की बोलतो. कागद माझ्या ट्रंकेत आहे. दोन नंबरच्या शेडवर पत्रे चढले. पॅकिंगला बायका दसऱ्यानंतर घेणार असं सगळे बोलतात. तू घाई करू नको.

थोरलीनं पत्रात विचारलंय, "मामा, तुमच्या कंपनीतलं मशीन उजेडानं लिहितं, हे खरं का?" तिला सांग, खरं आहे. लेसर प्रिंटर म्हणतात त्याला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आलं. पिरंगुट भागात तसलं दुसरं मशीन नाही असं तेव्हा सगळे म्हणायचे, आम्हीही छाती फुगवून हिंडायचो. आत काळी पूड असते, पिठासारखी बारीक. उजेडानं त्या पुडीची अक्षरं होतात, मग कागद तापलेल्या रुळाखालून जातो आणि पूड वितळून कागदाला धरते. टाइपरायटरसारखा ठोका नाही, काही नाही. कागद बाहेर येतो तो गरम भाकरीसारखा.

बसवायला आलेल्या इंजिनियरनं मला बोलावून बजावलं होतं. "स्टोअरकीपर तुम्हीच ना? मग ऐका. कागद गुळगुळीत घ्या, पातळ घ्या आणि कोरडा ठेवा. जाड, खरबरीत कागदात पूड धरत नाही, वरच्या वर राहते. आणि तुमचा हा पाऊस! कागद सादळला की संपलं." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कालचं पोर मला कागद शिकवतंय. बारा वर्षं स्टोअर सांभाळलं, कागद अंगठ्यानं चोळून सांगतो कुठल्या गिरणीचा ते.

मग गेलो रविवार पेठेत, कागदवाल्याकडे. त्यानं झेरॉक्सचा साधा कागद पुढे टाकला. मी म्हटलं, "शेठ, हा तर पुड्या बांधायचा. कंपनीची अब्रू जाईल." मग त्यानं वरच्या फळीवरून बाँड काढला. जाड, अंगावर बारीक बारीक रेघा, उजेडात धरला की आत कमळाचा छाप. फडफडवला तर आवाज कसा, नव्या पत्र्यासारखा. आपले आबा काय सांगायचे आठवतं ना? पातळ कागद पाठवून देतात, जाड कागद जपून ठेवतात. जाड कागद तोच खरा कागद. आबांना अक्षर येत नव्हतं, पण कागद कळायचा. वीस रिमा उचलल्या.

काय देखणी पत्रं निघायची! साहेबही खूश. आणि तीन आठवड्यांत कोइमतूरच्या गिऱ्हाईकाचं उत्तर आलं, की तुमच्या पत्रातले पंपाचे नंबर घडीवरनं गळून पडलेत, पुन्हा कळवा. ऑपरेटर अनुसयाबाईंनी एका पत्रावर नख फिरवलं, तर 'डिअर सर' निघून टेबलावर पडलं. तेव्हाचे मॅनेजर दिवेकर साहेब, त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "आनंदा, कंपनीची पत्रं वाळवीला घातलीस काय?"

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गुपचूप पातळ, गुळगुळीत कागद आणला. कपाटात साठ वॉटचा दिवा कायम पेटता ठेवतो, म्हणजे ओल धरत नाही. आता नखानं खरवडा, नाहीतर ओल्या बोटानं पुसा, अक्षर हलायचं नाही. थोरलीला सांग, मामा शहाणा झाला, पण दुसऱ्याचं ऐकून.

तांदळाच्या कण्या पोचल्या. लीलानं घावन केले. सगळे तिनंच खाल्ले.

तुझा,
आनंदा


कासार आंबोली,
१८ ऑक्टोबर १९८९, बुधवार

रत्नाक्का,

जयभीम. खालचं सगळं नंतर वाच, आधी एवढं कर. बंगल्यावरचं काम सोडू नको. तू लिहिलंस, की गुरुवारी बाई पुण्याहून येतील तेव्हा त्यांना सांगून टाकते, की आता मी कंपनीत लागणार. सांगू नको. एक अक्षर बोलू नको. झाडलोट, भांडी, जे काय चाललंय ते चालू ठेव.

आता कारण सांगतो. सकाळपासून तीन कागद फाडले. लीला म्हणाली, "मांडून बसलाय तर ल्ह्या तरी, न्हाईतर उठा."

यंदा जूनमध्ये पौडच्या स्टँडवर तू मला तुझा कागद दिलास. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला, वरून दोरा. तू म्हणालीस, "दोन वर्सांत उघडला न्हाई बग. तूच म्हनला व्हतास ना, घाम लागंल म्हनून." मी तो घरी आणला, दोरा सोडला आणि ओढून काढला, तर कागदाला प्लास्टिक चिकटलेलं. जरा जोर केला, तसा टर्रकन आवाज झाला. उघडून बघतो तर आत काही नाही गं. वर कंपनीचं छापील नाव, खाली दिवेकर साहेबांची शाईची सही, बाजूला जांभळा शिक्का. मधला मजकूर सगळा गेलेला. थोडा घडीत भुकटी होऊन पडला, बाकीचा प्लास्टिकला लागलेला. उलटी अक्षरं, निम्मीशिम्मी. वाचावं म्हणून दिव्यावर धरलं, बोटानं सारखं करायला गेलो, तर तेवढीही बोटाला आली.

म्हणजे साहेब मुंबईला गेले होते, हे मी ऑगस्टात लिहिलं ते खोटं. रजा मिळत नाही, हेही खोटं. तुझ्यासमोर यायची छाती नव्हती. चार महिने तुला थापा मारल्या. पत्रानं मारल्या, कोंडिबाच्या हाती निरोप धाडून मारल्या.

तू म्हणशील, मग कंपनीकडे नक्कल असेल की. मीही तेच म्हटलं. टाइपरायटर होता तेव्हा दर पत्राखाली कार्बन घालायचे, नक्कल आपोआप फायलीला जायची. हे मशीन आलं आणि दिवेकर साहेब म्हणाले, "सगळं फ्लॉपीत आहे, दोन-दोन कागद कशाला नासायचे?" फ्लॉपी म्हणजे एक चपटी काळी चकती, तिच्यात पत्रं साठवतात. अनुसयाबाईंनी त्या वर्षाची चकती शोधून काढली. तिच्यावर बुरशी. दोन पावसाळे उघड्या खणात पडलेली. मशीनमध्ये घातली तर नुसती करकरली. मी कागदासाठी दिवा लावला, तिच्यासाठी कुणी लावला नाही.

मग दिवेकर साहेबांच्या घरी गेलो, एरंडवण्यात. नव्या मालकांनी त्यांना नारळ दिला, हे तुला माहीत आहे. चहा दिला त्यांनी. कागद हातात धरून बराच वेळ बघितला. म्हणाले, "सही माझीच आहे, आनंदा. पण मजकूर काय होता, ते मी आता कशाच्या जोरावर सांगू?" मी म्हटलं, "साहेब, माझे दाजी, वाल्मीक कांबळे. लोड उतरवताना पेट्यांची थप्पी अंगावर आली. तुम्ही स्वतः मयतीला आला होता. दोन नंबरची शेड सुरू झाली की बायकोला पॅकिंगमध्ये कायम घेऊ, असं लिहून दिलं होतं." ते म्हणाले, "आठवतंय रे. पण माझा त्या लोकांशी लेखी करार झालाय, जुन्या कुठल्याही गोष्टीत मी पडणार नाही म्हणून." फाटकापर्यंत सोडायला आले. एवढं मात्र केलं.

आक्का, आता जे लिहायचंय ते लीलालाही माहीत नाही.

ऑगस्टातलं माझं पत्र तू ठेवलं असशील तर काढून बघ. त्यात मी फुशारकी मारलीय, की जाड कागद दोन महिन्यांत बंद केला. दाजी गेले त्याच वर्षी सप्टेंबरात. तुझं पत्र निघालं ऑक्टोबरात. म्हणजे तेव्हा पातळ कागद आलेला होता, मशीनमध्ये लावलेला होता. त्या दिवशी अनुसयाबाई छापायला बसल्या, आणि मी म्हटलं, "जरा थांबा." स्टोअरमध्ये गेलो. शेल्फाच्या तळाला जाड बाँडची शेवटची अर्धी रीम होती, गोणपाटाखाली, फरशीची ओल पिऊन गार पडलेली. त्यातला सगळ्यात चांगला कागद मी निवडला. उजेडात धरला, कमळ बघितलं. बाई म्हणाल्या, "आनंदादादा, यावर अक्षर धरत नाही, तुम्हीच तर बंद केलात." मी म्हटलं, "कोइमतूरच्या गिऱ्हाइकाला चालेल पातळ. हा माझ्या बहिणीचा कागद आहे."

मला माहीत होतं गं. नखानं निघालेलं 'डिअर सर' माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर पडलं होतं. तरी वाटलं, एकदा पेटीत गेला की कोण नख लावतंय. नवरा गेलेल्या बाईच्या हातात पुड्याचा कागद कसा ठेवायचा? सासरच्या लोकांनी हातात घेऊन बघितला पाहिजे, की कंपनीनं काय मानानं लिहून दिलंय. आणि बघितलाही त्यांनी. तुझा दीर भैरू अंगठ्यानं चोळत म्हणाला होता, "कागद वजनदार हाय." तेव्हा माझी मान किती ताठ झाली होती! आग लागो त्या मानेला.

वर प्लास्टिकची अक्कलही माझीच. तू आपली साध्या फडक्यात बांधून ठेवणार होतीस.

आणि अंगणवाडी. ते तर आठवलं की जेवण जात नाही. सरपंच तुझ्या दारी आले होते, मदतनीस म्हणून लाग म्हणाले. तू मला विचारलंस. मी काय म्हणालो? "खिचडी शिजवत बसतीस काय? कंपनीचं लेखी हाय आपल्याकडं." तू नाही म्हणालीस. रंभाबाई लागली. तिची नोकरी आता पक्की होईल म्हणतात. तिच्या जागी तू असतीस.

बरं, इथवर ऐकून तू म्हणशील, झालं ते झालं, सही तरी आहे ना. होती, आक्का.

गेल्या रविवारी मी एक उद्योग केला. मजकूर मला तोंडपाठ होता. सात ओळी. कागद खरा, सही खरी, शिक्का खरा, मधल्या ओळी तेवढ्या परत घालायच्या. अनुसयाबाईंना विनवून बोलावलं. त्या बावधनवरून आल्या बिचाऱ्या सुट्टीच्या दिवशी. मशीनपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे खोटं नाही का होत?" मी म्हटलं, "शब्द तेच, सही तीच. खोटं कुठं आहे?" त्यांनी टाइप करून दिलं. मग म्हणाल्या, "पण घड्या पडलेला कागद घालू नका. रुळात अडकेल." मी कागदाला घरून कोळशाची इस्त्री मारून आणली होती. म्हटलं, "सपाट केलाय. घाला."

त्यांनी हात मागं घेतला. मी घातला.

अर्धा आत गेला आणि मशीन थांबलं. आतून करपल्याचा वास यायला लागला. बाई ओरडल्या, "ओढू नका, आधी बंद करू द्या!" तोवर मी ओढला होता. वरची बाजू हातात आली. खालची, सहीची, रुळाला गुंडाळली गेली होती. चिमट्यानं काढली ती तुकड्या-तुकड्यांनी, काळी झालेली. सही कुठली आणि करपलेलं कुठलं, ते कळेना. अनुसयाबाई रडायला लागल्या. मला रडूही येईना.

म्हणजे कंपनीनं दिलेलं तुझ्याजवळ जे होतं ते सगळं माझ्या हातानं संपलं, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा शेजारी उभं राहून कुणीतरी सांगत होतं, की असं करू नको.

सोमवारी मी मेहेंदळे साहेबांपुढं हात जोडून उभा राहिलो. सगळं सांगितलं, मशीनचंही. वाटलं, खरं बोललं तर काही तरी होईल. साहेब वाईट माणूस नाही. म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतंय. पण शंभर माणसं येऊन हेच म्हणतील. लेखी काही असेल तर आणा, लगेच घेतो." मशीन त्याच दुपारी दुरुस्त झालं, पण ते बिघडवल्याबद्दल मला ताकीद मिळाली. नोकरी राहिली. ऐकतेस ना? माझी नोकरी राहिली.

आणि काल पॅकिंगची यादी लागली. बावीस बायका. तीन वेळा वाचली, तुझं नाव नाही. यादीचा कागद माझ्याच स्टोअरमधून गेला. पातळ, गुळगुळीत, दिव्याखालचा कोरडा. सगळे गेल्यावर मी त्याच्यावर नख घासून बघितलं. एक रेघ उठली नाही.

माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तू तशीच आहेस, आणि मग मला जास्त जड जाईल. पण बंगल्याचं काम सोडू नको. एवढं माझं ऐक. आजवर ऐकलंस त्यानं तुझं वाटोळंच झालं, तरी एवढं ऐक.

संध्याकाळच्या गाडीला कोंडिबा आहे. त्याच्या हाती देतो, म्हणजे रात्रीपर्यंत तुला मिळेल.

आनंदा


शनिवार, २१ ऑक्टोबर

आक्का,

वरचं पत्र बुधवारी कोंडिबाला दिलं नाही. फाट्यावर गेलो होतो. गाडी आली, कोंडिबानं दारातून हात पुढं केला, "दे, काय हाय ते." मी म्हटलं, "काय न्हाई, सहज उभा हाय." गाडी गेली. म्हटलं, उद्या देऊ. गुरुवारीही तसाच परत आलो. पत्र खिशातच.

आज कोंडिबा स्वतःहून खाली उतरला. हसत हसत म्हणाला, "लेका, पेढं कुटं हायेत? तुजी बहीन परवा गाडीत भेटली. बंगल्याच्या किल्ल्या दिल्या बाईच्या हातात. सांगत व्हती समद्यांना, माज्या भावानं काम करून दिलं म्हनून. बाईनं लगोलग दुसरी बाई लावली बग, कोंढूरची." मी म्हटलं, "व्हय का." एवढंच म्हटलं.

लीलाला आज सगळं सांगितलं. तिनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जावा."

तर उद्या येतोय. हे पत्र आता कुणाच्या हाती देत नाही, मीच आणतो. मी तोंड उघडलं की माझ्या तोंडून खोटंच निघेल, तुला बघितल्यावर तर निघेलच. म्हणून काही बोलणार नाही. चहा ठेवू नको, बस म्हणू नको. पत्र तुझ्या हातात देईन. चौथीपर्यंत शिकलीस, तुला वाचता येतं. हळूहळू वाच, मी उभा आहे.

तुझ्या उंबऱ्याबाहेर,
आनंदा